मत्सर व लोभ (ख्रिस्ती नीतिविचार)

दुसऱ्याचे भले पाहून होणारे दुःख म्हणजे मत्सर. दुसऱ्याचे जे आहे ते आपले व्हावे ही अनावर इच्छा म्हणजे लोभ. ख्रिस्ती नीतिविचारात दोन्ही पापे मानली जातात. दहा आज्ञांपैकी शेवटची (निर्गम २०:१७) शेजाऱ्याचे घर, पत्नी, दास, बैल, गाढव यांचा लोभ धरण्यास मनाई करते. कॅथलिक व लूथरन परंपरेत तिच्या नववी व दहावी अशा दोन आज्ञा होतात. चोरी व व्यभिचार आधीच निषिद्ध असल्याने येथे रोख कृतीमागील इच्छेवर आहे.

लोभाची परिणती १ राजे २१ मध्ये दिसते. नाबोथाने वडिलोपार्जित द्राक्षमळा देण्यास नकार देताच अहाब राजा अन्न टाकून, तोंड फिरवून बिछान्यावर पडला. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करवून नाबोथाला दगडांनी ठार करविले. मत्सराची उदाहरणे काइन व योसेफाचे भाऊ यांच्या कथांत आढळतात.

पोप पहिला ग्रेगरी (सु. ५४०–६०४) याने प्रमुख पापांच्या यादीत मत्सराला स्थान दिले. टॉमस अक्वाइनसने (सु. १२२५–७४) त्याला प्रेमाचा विरोधी ठरविले, मात्र दुसऱ्याचा सद्गुण आपल्यात नाही, ही खंत त्याने स्तुत्य मानली. पादुआ येथील जोत्तोच्या भित्तिचित्रात (सु. १३०५) मत्सराच्या मुखातून निघालेला साप उलटून त्याच्याच डोळ्यांवर येतो. प्रेम, संतोष, कृतज्ञता व दानधर्म हे यांवरील उपाय सांगितले जातात.