काजळींतील चेंडू

हिरा, पेन्सिलींतील ग्रॅफाइट आणि दिव्याची काजळी हीं एकाच कर्बाचीं रूपें होत, हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. परंतु कर्बाचें आणखी एक रूप, साठ अणूंचा पोकळ चेंडू, प्रथम कागदावर अवतरलें, मग प्रयोगशाळेंत दिसलें, आणि दोन्ही वेळां दुर्लक्षित राहिलें. गणित एकाच्या घरीं व प्रयोग दुसऱ्याच्या घरीं असला म्हणजे सत्य दारांतून कसें परत जातें, त्याची ही कथा आहे.

इ. स. १९७० मध्यें जपानी रसायनशास्त्रज्ञ एइजी ओसावा यांनीं फुटबॉलच्या आकारावरून अनुमान बांधलें कीं, तशाच घडणीचा साठ कर्बाणूंचा रेणु स्थिर असावा. लेखन जपानी भाषेंत असल्यामुळें पाश्चात्त्य देशांत तें फारसें कोणीं वाचलें नाहीं. १९७३ मध्यें मॉस्को येथील बोचवार व गाल्पेर्न यांनीं क्वांटम-गणितानें त्या रेणूचें स्थैर्य पडताळलें. पण तो बनवावा कसा, हें गणितांत नव्हतें.

१९८४ मध्यें अमेरिकेंतील एक्झॉन कंपनीच्या प्रयोगशाळेंत रोल्फिंग, कॉक्स व काल्डोर यांनीं लेसर-किरणांनीं ग्रॅफाइटची वाफ करून तींतील अणुपुंजांचीं वजनें घेतलीं. सुमारें चाळिसाच्या पुढें केवळ सम संख्येचे पुंज आढळले, आणि साठाचें शिखर शेजाऱ्यांहून उंच होतें. तें छापलें गेलें. पण त्या उंचीचें कारण कोणीं शोधलें नाहीं.

सप्टेंबर १९८५ मध्यें ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठांत क्रोटो, स्मॉली व कर्ल यांनीं तसाच प्रयोग केला. हेलियम वायूचा दाब बदलतांच साठाचें शिखर इतरांच्या कितीतरी वर गेलें. या वेळीं मात्र कारणाचा विचार झाला. सपाट जाळ्याच्या कडेचे अणु जोडीदारावांचून राहतात. जाळें मिटलें तर कडाच उरत नाहीं. ऑयलरच्या सिद्धान्तानुसार षट्कोनांचें जाळें असें मिटण्यास बारा पंचकोन लागतात. स्मॉली यांनीं रात्रीं कागदाचे तुकडे चिकटवून पाहिले, तों बारा पंचकोन व वीस षट्कोन मिळून साठ कोपऱ्यांचा चेंडू तयार झाला. शेजारशेजारचे पंचकोन रेणूस ताण देतात. ते परस्परांस न लागतां होणारा सर्वांत लहान पिंजरा साठाचा आणि त्यापुढचा सत्तराचा, असें पुढें १९८७ मध्यें गणितानें दाखविलें. प्रयोगांतहि साठाच्या खालोखाल सत्तराचेंच शिखर होतें!

तथापि वजन म्हणजे आकार नव्हे, हा आक्षेप पांच वर्षें टिकला. गणित सांगत होतें कीं, इतका सममित रेणु अवरक्त किरणांचें शोषण केवळ चार ठिकाणीं ठळकपणें करील. क्रॅचमर व हफमन यांस आपल्या काजळींत तेच चार पट्टे सांपडले. १९८३ मध्येंच अशा काजळीच्या वर्णपटांत त्यांस दोन विचित्र उंचवटे दिसले होते. तेव्हां त्यांनीं तो नमुना बाजूस ठेविला होता. १९९० मध्यें काजळीचा बेंझीनमध्यें विरघळणारा भाग वेगळा काढून त्यांनीं तांबडा द्राव व त्यांतून स्फटिक मिळविले. त्याच वर्षीं ससेक्स येथें चुंबकीय अनुनादाच्या परीक्षेंत या रेणूनें एकच रेषा दिली. म्हणजे साठहि अणु समान दर्जाचे ठरले. सत्तराच्या रेणूनें गणितानुसार पांच रेषा दिल्या.

१९९६ चें नोबेल पारितोषिक क्रोटो, कर्ल व स्मॉली यांस मिळालें. ओसावांचें अनुमान आणि १९८४ चें शिखर हीं दोन्ही खरींच होतीं. उणीव होती ती त्यांची गांठ घालून देणाऱ्याची.