परीटघडीच्या मागची गोष्ट

'परीटघडी' हा शब्द आपल्या बोलण्यात अजून टिकून आहे. पण ती घडी पडायची कशी असं विचारलं, तर इस्त्रीपलीकडे फारसं काही कुणाला सांगता येत नाही. गेले काही महिने मी घरात डिटर्जंटऐवजी रिठा वापरून पाहतोय. त्या निमित्ताने या शब्दाचा माग काढत बराच लांब जाऊन आलो.

रिठ्याचं कौतुक नवं नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणतं वस्त्र कशाने शुद्ध करावं हे सांगितलंय. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, कांबळी रिठ्याने, तलम वस्त्रं बेलफळाने, जवसाच्या धाग्याचं कापड पांढऱ्या मोहरीने. त्या ग्रंथातलं बाकी काय घ्यावं आणि काय टाकावं हा वेगळा विषय. पण कापड बदललं की धुण्याचा पदार्थही बदलतो, ही समज तेव्हाही होती. पुढे लिनिअसने या झाडाला 'सॅपिंडस' नाव दिलं, त्याचा अर्थच मुळी 'भारतीय साबण'. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. त्याने फेस येतो आणि मळ सुटायला मदत होते.

गंमत अशी, की रोजच्या सुती कपड्यांचा खरा भार रिठ्यावर नव्हताच. तो होता खारावर. राख, सज्जीखार, नदीकाठची खारी माती. बारा बलुतेदारांतला परीट हे कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचा, भट्टीवर रचून वाफ द्यायचा, मग नदीवर नेऊन दगडावर आपटायचा. त्यावर नीळ, खळ आणि शेवटी ती प्रसिद्ध घडी. मोबदला बलुत्याचा, म्हणजे सुगीला मिळेल ते धान्य. कुणाचा कपडा कोणता हे ओळखायला तो बिब्ब्याने खूण करायचा. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक! पण त्याचा रस कातडीला लागला तर फोड येतात. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर नेमक्या खुणेच्या जागी पुरळ उठलं आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्याला 'धोबी मार्क'चा त्वचारोग असं नाव दिलं.

मग साबण आला. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात सनलाइटच्या पेट्या उतरल्या. पण साबणाची एक अडचण होती. जड पाण्यात त्याचा फेस होत नाही, चोथा होतो. डिटर्जंटने ती सोडवली. १९५९ मध्ये सर्फ आला, १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केला आणि पावडर मध्यमवर्गाच्याही खालच्या घरांत पोचली. स्वस्त पावडरींत मोठा वाटा धुण्याच्या सोड्याचा असतो. म्हणजे रसायन म्हणून पाहिलं तर परटाच्या सज्जीखाराचाच हा कारखान्यातला भाऊ.

किंमत नदीने मोजली. युरोप-अमेरिकेत १९५० च्या दशकातच नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले, कारण तेव्हाचं डिटर्जंट जिवाणूंना पचत नव्हतं. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि त्या दशकातच कंपन्यांनी रसायन बदललं. फॉस्फेटमुळे वाढणाऱ्या शेवाळाचा प्रश्न मात्र पुढेही राहिला. आपल्याकडे आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत फेस दिसला, त्यात कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी आहे. म्हणजे रिठ्याकडे वळावंसं वाटणं काही खुळेपणा नाही.

आता माझा अनुभव. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालून सकाळी उकळायचे आणि गाळायचे. रेशमी साडी आणि स्वेटर उत्तम निघाले, मऊसुद्धा. बोअरच्या पाण्यातही चोथा झाला नाही. पण सदऱ्याची कॉलर, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी आणि पांढरे पंचे तसेच. ती घासावी लागतात. आणि घासणार कोण? आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशी दोन आठवड्यांनी म्हणाल्या, "दादा, कपडा स्वच्छ होईल हो, पण तोवर माझा हात झिजंल."

मला सगळ्या इतिहासात हेच वाक्य महत्त्वाचं वाटतं. 'आपले पूर्वज नैसर्गिक पदार्थांनीच धुवायचे' असं आपण अभिमानाने म्हणतो. पण आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज धूतच नव्हते. धुवायचा परीट, किंवा घरातली बाई. त्या पद्धतीचा भार नदीवर कमी पडायचा तो कपडे मोजके होते म्हणून, आणि उरलेला भार त्यांच्या हातांवर पडायचा म्हणून. शिवाय रिठाही निरुपद्रवी नाही. त्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं, त्यामुळे उरलेलं पाणी ओढ्यात ओतणं हे काही पुण्य नव्हे.

म्हणून सध्या घरात अशी वाटणी आहे: रेशीम आणि लोकर रिठ्याकडे, सुती कपडे सोडा आणि साध्या साबणाकडे, आणि पावडर लागलीच तर पाकिटावरच्या मापाच्या निम्मी. सदरा मळला नसेल तर दुसऱ्या दिवशीही तोच. आणि कॉलर मी स्वतः घासतो. पर्यायी पदार्थ शोधणं सोपं आहे हो, पण पर्यायी हात शोधायचे नसतील तर आपलेच वापरावे लागतात.