गंगाखेडला लॉजवर मुक्काम करायचाय? खोली घेण्याआधी काय विचारायचं, काय द्यायचं आणि कशाला नाही म्हणायचं?

गंगाखेडच्या बसस्थानकावर उतरून तुम्ही कुणाला 'इथं चांगलं हॉटेल कुठंय?' असं विचारलंत, तर समोरचा माणूस तुम्हाला भजी आणि चहा मिळणारं ठिकाण दाखवेल. मराठवाड्यात हॉटेल म्हणजे खायची जागा. राहायच्या जागेला लॉज म्हणतात. पाटीवर 'लॉजिंग-बोर्डिंग' असेल तर राहणं आणि जेवण दोन्ही.

मोठ्या शहरात खोली अ‍ॅपवर फोटो, रेटिंग आणि अटी वाचून बुक होते. तालुक्याच्या गावात ती अजूनही बऱ्याचदा फोनवर किंवा थेट काउंटरवर ठरते. अटी कुठं लिहिलेल्या नसतात. त्यामुळे जो विचारतो त्याला कळतं, जो विचारत नाही त्याला बिलाच्या वेळी कळतं. हा लेख गंगाखेड डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असला, तरी यातले नियम महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम लॉजला लागू आहेत.

गंगाखेडला मुक्कामाला येतं कोण?

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातलं गोदावरीकाठचं तालुक्याचं गाव. संत जनाबाईंचं हे जन्मगाव मानलं जातं. नदीकाठामुळे त्याला 'दक्षिणकाशी' असंही म्हणतात. परभणी-परळी रेल्वेमार्गावर स्टेशन आहे आणि पुढे परळी वैजनाथ आहे.

त्यामुळे येणाऱ्यांचे गट ठरलेले आहेत. अस्थिविसर्जन आणि दशक्रियेसाठी येणारी कुटुंबं, जनाबाईंच्या दर्शनाला आणि परळीला जाणारे भाविक, लग्नाचे पाहुणे, औषध आणि बियाणं कंपन्यांचे प्रतिनिधी, उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या कामाने येणारी माणसं.

एरवी गाव शांत असतं, पण काही दिवस खोली मिळणं अवघड होतं. मोठी लग्नतिथ असली की वऱ्हाडासाठी खोल्या आधीच घेतलेल्या असतात. आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी या भागातून पंढरपूरकडे जाते. अधिक महिन्यात गोदावरीत स्नानासाठी गर्दी होते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अशा दिवसांत जायचं असेल तर परभणी किंवा परळीत पर्याय बघून ठेवा.

लॉज, भक्तनिवास, विश्रामगृह: फरक काय?

लॉज हा खासगी व्यवसाय. भाडं आणि अटी मालक ठरवतो.

भक्तनिवास किंवा धर्मशाळा देवस्थान अथवा ट्रस्ट चालवतं. भाडं कमी असतं, पण दार बंद होण्याची वेळ, दारू-मांसाहार यांबद्दल नियम कडक असतात. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

शासकीय विश्रामगृह सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतं. तिथं कामावर आलेल्या अधिकाऱ्यांना प्राधान्य असतं. तुमचं आरक्षण असलं तरी ऐनवेळी कुणी साहेब आले की खोली जाऊ शकते. त्याच्या भरवशावर कुटुंब घेऊन जाऊ नका.

पाटीवरच्या 'थ्री स्टार'चा अर्थ

हॉटेलला स्टार देण्याचं काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेतून होतं. ही योजना ऐच्छिक आहे आणि किमान १० खोल्या असल्याशिवाय अर्जच करता येत नाही. मिळालेला दर्जा ५ वर्षांपुरता असतो. छोट्या गावातली बहुतेक लॉज या योजनेत नसतात. त्यात गैर काही नाही. पण पाटीवर तारे रंगवलेले दिसले तर ते सजावट म्हणून बघा. 'डिलक्स', 'व्हीआयपी', 'एक्झिक्युटिव्ह' या शब्दांचीही कुठं व्याख्या नाही. खोली आधी बघा आणि मगच पैसे द्या. हे विचारण्यात कमीपणा नाही. लॉजवाल्यालाही त्याची सवय असते.

भाड्यावर जीएसटी किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. म्हणजे १,२०० रुपयांच्या खोलीवर आधी १४४ रुपये कर लागायचा, आता ६० रुपये लागतो. बिल १,२६० रुपये व्हायला हवं. जुन्याच दराने कर लावला असेल तर तिथल्या तिथं दाखवून द्या.

पण प्रत्येक लॉज जीएसटी घेऊ शकत नाही. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नाही, तर ग्राहकाकडून कर घेता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या व्यावसायिकालाही बिलात वेगळा जीएसटी लावता येत नाही.

ओळखायचं कसं? बिलावर १५ अक्षरी-अंकी जीएसटी क्रमांक बघा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रमांक नाही पण कर लावलाय, तर कारण विचारा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकून नाव पडताळता येतं. धार्मिक स्थळाच्या आवारात नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्ट चालवत असलेल्या भक्तनिवासात दिवसाचं भाडं १,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर जीएसटी लागत नाही.

'बिल हवं असेल तर जीएसटी लागेल, नको असेल तर नाही' हे वाक्य बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. त्यात कर चुकवला जातो हा एक भाग. दुसरा भाग तुमच्या नुकसानीचा: बिल नसेल तर तुम्ही तिथं राहिलात याचा तुमच्याकडे पुरावाच नाही. ऑफिसकडून पैसे मिळणार नाहीत आणि तक्रारही अवघड होईल. यूपीआयचा स्क्रीनशॉट बिलाची जागा घेत नाही. पैसे मालकाच्या किंवा मॅनेजरच्या वैयक्तिक खात्यावर जात असतील तर पावती मागाच.

२४ तास की दुपारी १२?

काही लॉज '२४ तास' पद्धतीने चालतात: संध्याकाळी ६ ला आलात तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत एक दिवस. काही ठिकाणी कधीही या, दुपारी १२ ला दिवस संपतो. पहाटेच्या गाडीने उतरून सकाळी ६ ला खोली घेतली, तर १२ च्या नियमात ६ तासांत दुसरा दिवस लागू शकतो. विधीसाठी आलेल्या कुटुंबांना याचा फटका जास्त बसतो. सकाळी घाटावर जाऊन यायचं, अंघोळ करायची, दुपारी निघायचं एवढंच त्यांचं काम असतं. अशा वेळी 'काही तासांसाठी खोली मिळेल का, किती लागतील' हे आधीच ठरवून घ्या.

जादा गादीचे पैसे, लहान मुलांचे पैसे, गाडी लावायची जागा हेही त्याच वेळी विचारा.

ओळखपत्र: आधारच द्यावं लागतं का?

लॉजला पाहुण्यांची नोंदवही ठेवावी लागते. नाव, पत्ता, कुठून आलात, कधी आलात-गेलात ही माहिती त्यात असते आणि पोलीस ती तपासू शकतात. हे फक्त आपल्याकडे नाही. युरोपातल्या शेंगेन देशांतही परदेशी पाहुण्याला हॉटेलात फॉर्म भरून सही करावी लागते.

ओळखपत्र द्यावं लागतं, पण ते आधारच हवं असं नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट दाखवता येतो. आधारच द्यायचं असेल तर 'मास्क्ड आधार' द्या. यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून ते डाउनलोड होतं. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि 'फक्त मुक्कामासाठी' असं लिहा. 'आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा' असं कुणी म्हटलं तर शक्यतो टाळा. तो फोटो काउंटरवरच्या मुलाच्या मोबाइलमध्ये राहतो आणि पुढे कुठं जाईल ते कुणाला माहीत नसतं.

तुमच्यासोबत परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक असतील तर नियम वेगळा आहे. त्यांची माहिती लॉजने २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते. अनेक छोट्या लॉजनी त्यासाठी नोंदणी केलेली नसते, म्हणून ते खोली द्यायला कचरतात. आईवडिलांच्या अस्थी घेऊन अमेरिकेहून येणाऱ्या मुलाने हे निघण्याआधीच विचारून ठेवावं.

लॉजवाला खोली नाकारू शकतो का?

खोली शिल्लक नाही, ओळखपत्र नाही, पाहुणा दारू पिऊन गोंधळ घालतोय ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण जात आणि धर्म हे कारण होऊ शकत नाही.

राज्यघटनेचं कलम १५(२) सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत प्रवेश नाकारता येणार नाही. याच कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे सार्वजनिक घाट यांचाही उल्लेख आहे. गंगाखेडसारख्या गावात हॉटेल आणि घाट दोन्ही आहेत. दोन्हींचं दार एकाच कलमाने उघडलेलं आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल किंवा धर्मशाळेत अडवलं, तर नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार तो गुन्हा आहे.

हे कलम घटनेत का आलं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुभवावरून कळतं. परदेशात शिकून ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात रोज दीड रुपया देऊन ते राहिले, पण त्यासाठी नोंदवहीत पारशी नाव लिहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना जागा सोडायला लावली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग आहे. आडनाव ऐकून 'खोली फुल्ल आहे' असं आजही कुणाला सांगितलं जात असेल, तर ते त्याच नोंदवहीचं पुढचं पान आहे.

अविवाहित जोडप्यांचं काय? दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी त्याचा आधार देता येतो. मात्र कलम १५(२) मध्ये वैवाहिक स्थितीचा उल्लेख नाही, त्यामुळे खासगी लॉज 'जोडप्यांना खोली नाही' असा स्वतःचा नियम करतात. स्थानिक पत्त्याच्या माणसाला खोली न देणं हाही कायदा नाही, तो लॉजचा नियम असतो. ॲडव्हान्स देण्याआधी याबद्दल स्पष्ट विचारा.

खोलीत गेल्यावर काय बघायचं?

वीज: परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. वीज गेली की बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी चालत नाही. जनरेटर आहे का ते विचारा.

पाणी: डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एक आकडी होतो. गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं ते विचारा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि खिडकी किंवा झरोका नसेल, तर तो वापरू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो.

आग: जिना कुठं आहे आणि खाली उतरायचा दुसरा रस्ता आहे का, ते बघून ठेवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरची तारीख वाचायला अर्धा मिनिट लागतो.

दार: आतली कडी नीट लागते का ते बघा. आरसा, सॉकेट, स्मोक डिटेक्टर यांवर नजर टाका. महिलेचे खासगी क्षण चोरून चित्रित करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद होऊ शकते. कॅमेरा सापडला तर त्याला हात न लावता ११२ वर फोन करा.

घाट: गोदावरीचं पाणी वरच्या धरणांतून सोडलेल्या विसर्गावर वाढतं. पावसाळ्यात विधीला जाण्याआधी घाटाची स्थिती लॉजवर विचारा. तिथल्या माणसांना ती सगळ्यात आधी कळते.

तक्रार कुठं करायची?

जादा पैसे, न दिलेलं बिल, सांगितल्यापेक्षा वेगळी खोली यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जात-धर्मावरून अडवणं, धमकी किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तर ११२ किंवा जवळचं पोलीस ठाणं.

फोनवर विचारायचे ६ प्रश्न

१. भाडं किती आणि त्यात जीएसटी धरलाय का?
२. पक्कं बिल मिळेल ना?
३. दिवस २४ तासांचा की दुपारी १२ चा?
४. कुठलं ओळखपत्र चालेल? कुणाला खोली देत नाही असा काही नियम आहे का?
५. वीज गेल्यावर काय चालू राहतं? गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?
६. रात्री उशिरा आलो तर दार उघडायला कोण असतं?

शेवटचा प्रश्न विसरू नका. रात्रीची गाडी उशिरा आली आणि लॉजचं शटर खाली असलं, तर बाकीच्या पाच उत्तरांचा काही उपयोग नाही. त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि गाडी सुटली की त्याला एक फोन करा.