मोटार कुणाची होती?

१९३८ साली अमेरिकेत ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर सुपरमॅन एक हिरवी मोटार उचलून खडकावर आपटतोय. पोरांनी टाळ्या पिटल्या असतील. माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की मोटार कुणाची? आत वाचलं तर ती गुंडांची निघते. ठीक आहे, पण गुंडांनी ती हप्त्यांवर घेतली असेल, तर उरलेले हप्ते भरायचे कुणी?

(सुपरमॅनचे जन्मदाते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना सगळ्या हक्कांचे मिळून १३० डॉलर मिळाले. म्हणजे पहिला फटका मोटारीला नव्हे, त्यांनाच बसला.)

पुढं कितीतरी वर्षं असले प्रश्न फारसे कुणी विचारले नाहीत. इमारती कोसळायच्या, पूल मोडायचे, आणि पुढच्या अंकात शहर पुन्हा जसंच्या तसं! असा कंत्राटदार आमच्या नगरपालिकेला मिळेल तर काय बहार होईल.

मग १९७३ साली ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा अंक आला. खलनायक ग्वेन स्टेसीला, म्हणजे नायकाच्या प्रेयसीला, पुलावरून खाली फेकतो. नायक जाळं टाकून तिला अधांतरी झेलतो. वाचवलं म्हणून स्वारी खूश! पण चित्रात तिच्या मानेशी, बारीक अक्षरांत, हाड मोडल्याचा आवाज लिहिलेला आहे. जीव गेला तो त्या झेलण्याच्या हिसक्यानं, असा खुलासा पुढं संपादकांनीच केला. इथं मात्र हप्त्यांची चेष्टा सुचत नाही.

१९८९ साली ड्वेन मॅकडफीनं ‘डॅमेज कंट्रोल’ ही मालिकाच लिहिली. महानायकांच्या मारामाऱ्या आटोपल्या की पडझड निस्तरणारी कंपनी! फायली, बिलं, वसुली. ही माणसं आपल्या जातकुळीतली.

पण त्याआधीच, १९८६-८७ मध्ये, अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’नं खरी खतावणी उघडली होती. अणुयुद्ध टाळण्यासाठी त्यातला ओझिमँडियस अर्धं न्यूयॉर्क मारून टाकतो. युद्ध टळतं. हिशेब पैशापर्यंत जुळतो! बाकीचे मान खाली घालून गप्प बसायला तयार होतात. एकटा रॉरशॅक त्या ताळेबंदावर सही करत नाही. हा काही भला माणूस नव्हे. चांगला माथेफिरू आहे. पण तो सही करत नाही, आणि बर्फात मारला जातो.

त्याची डायरी मात्र त्यानं आधीच टपालात टाकलेली असते. शेवटच्या पानावर ती एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, आलेल्या टपालाच्या ढिगात पडून आहे.