धाव, सतार आणि टायरची तार : एका न दिसणाऱ्या वळ्याचा इतिहास

१.
रिमवरून उतरवलेला कोणताही टायर हाती घेऊन पाहा. त्याची पाठ झिजलेली असते, कुशी हाताने दाबता येतात. रिमला बिलगणारी आतली कड मात्र कितीही ओढली तरी तसूभर ताणत नाही. त्या कडेत, रबराच्या पोटात, पोलादी तारेचे एक वळे दडलेले असते. इंग्रजीत या कडेला ‘बीड’, म्हणजे मणी, असे नाव आहे आणि आपल्याकडील टायरवाल्यांनीही तेच उचलले आहे. (बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही, तरी तो जिल्हाही या कथेत पुढे भेटेल.) आजचा धागा या तारेविषयी.

२.
प्रारंभ बैलगाडीपासून करू. लाकडी चाकात मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि सर्वांवर लोखंडी पट्टीची धाव. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद झाली, फुगली, की चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. थंड होताना धाव आवळते व चाकाचे सारे सांधे घट्ट करते. न ताणणारे एक वळे सुटे भाग एकत्र धरून ठेवू शकते, ही गोष्ट आपल्या गावच्या लोहाराला ठाऊक होती.

३.
धावेने चाक टिकले, पण गाडीतल्या माणसाचे हाल संपले नाहीत. प्रत्येक दगडाचा दणका थेट अंगावर येई. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण, अशी ती रचना. हे आवरण चाकाला बोल्टांनी जखडावे लागे. गाड्या चालल्या, लोकांनी कौतुक केले. परंतु हा खटाटोप रोजच्या व्यवहारात टिकणारा नव्हता. शोध विस्मृतीत गेला.

४.
पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे राहणारा स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. त्याला थॉमसनच्या कामाची माहिती नव्हती. योगायोग असा की, किर्लोस्कर समूह आपली स्थापना याच १८८८ सालापासून मोजतो आणि त्या उद्योगाचा आरंभ झाला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील सायकलींच्या दुकानातून. मिरजेहून पुण्याकडे जाताना लागणारी किर्लोस्करवाडी १९१० सालची. सायकल ही आपल्या भागातील आधुनिक उद्योगाचीही पहिली पायरी ठरली.

५.
डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी उणीव होती. तो रिमला कापडाच्या पट्ट्या गुंडाळून व रबराच्या द्रावणाने चिकटवून बसवलेला असे. पंक्चर झाले की सारी गुंडाळी उसवा, नळी सांधा, पुन्हा चिकटवा आणि वाळेपर्यंत थांबा. आज सायकलच्या दुकानात काही मिनिटांत होणारे काम तेव्हा तासन्‌तास चाले. टायर काढता-घालता येणार नसेल, तर हवेची गादी ही श्रीमंतांची हौस म्हणूनच उरली असती.

६.
अडचण नेमकी कोठे होती? हवा चहूबाजूंनी सारखाच रेटा देते. नळी फुगली की टायरच्या कुशी बाहेर ढकलल्या जातात आणि कडा रिमवरून निसटू पाहतात. बोल्ट मारले तर टायर सहज निघत नाही; मोकळा सोडला तर तो उडून जातो. म्हणजे टायर हाताने निघाला पाहिजे, पण हवेच्या रेट्याने निघता कामा नये. या दोन परस्परविरोधी अटी एकाच वेळी पाळणे, हा खरा प्रश्न होता.

७.
उत्तर आले १८९० साली. लंडनजवळच्या टॉटनहॅम येथील चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घालण्याचे पेटंट घेतले. तारेच्या वळ्याचा व्यास रिमच्या बाहेरच्या काठापेक्षा थोडा कमी. त्यामुळे हवेने कितीही रेटले तरी वळे मोठे होत नाही, आणि वळे मोठे झाल्याखेरीज टायर काठावरून उतरत नाही. धाव लाकडाला बाहेरून आवळते. ही तार हवेच्या रेट्याला आतून आवर घालते. कामे वेगळी, पण दोन्हींचा आधार ‘न ताणणे’ हाच.

८.
मग असा टायर चढवायचा कसा? वेल्चने रिमच्या मध्यभागी खोलगट जागा ठेवली. कडेचा एक भाग त्या खोलगटीत दाबला की समोरच्या बाजूस तेवढीच ढिलाई मिळते आणि तिथली कड काठावरून सहज पलीकडे जाते. हवा भरली की दोन्ही कडा आपापल्या जागी चढून बसतात व परतीची वाट बंद होते. पंक्चर काढणारा कारागीर अंगठ्याने टायरची एक बाजू आत दाबून दुसरीकडून टायर लिव्हर घालतो, तेव्हा तो वेल्चचीच युक्ती वापरत असतो.

९.
त्याच वर्षी, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, एडिंबरोच्या रबर कारखान्यातील विल्यम अर्स्किन बार्टलेट याने दुसरी वाट दाखवली. त्याच्या टायरच्या कडेत तार नव्हती. कडेला आकड्यासारखा आकार होता. तो रिमच्या वळवलेल्या काठात अडके आणि हवेच्या दाबाने तेथेच दाबून राही. बनवायला सोपा, म्हणून हा प्रकार प्रारंभी झपाट्याने पसरला.

१०.
इकडे डनलॉपच्या कंपनीवर संकट ओढवले. थॉमसनचे १८४५ चे पेटंट उजेडात आले आणि हवेच्या टायरवरील डनलॉपचा मूळ हक्क टिकला नाही. तेव्हा कंपनीने वेल्च व बार्टलेट यांची पेटंटे विकत घेतली आणि त्यांच्या बळावर १९०४ साली त्यांची मुदत संपेपर्यंत बाजार ताब्यात ठेवला. ज्या नावाने टायर जगभर ओळखला गेला, त्या नावाचा व्यापार प्रत्यक्षात उभा होता तो टायर रिमवर कसा धरून ठेवावा या शोधावर.

११.
मोटारी आल्या आणि आकड्याच्या टायरचे दोष उघडे पडले. सायकलीचे ओझे ते किती! मोटारीचे ओझे व वेग कित्येक पटींनी मोठे. आकडा रिमच्या काठावरून ताणून चढवायला अंगमेहनत लागे; त्यात नळी चिमटली जाई. हवा थोडी कमी झाली की आकड्याची पकड सैल होई आणि वळणावर टायर रिमवरून निघे. रिमचा वळलेला काठ टायरची कूसही कापत असे.

१२.
म्हणून अमेरिकी कारखानदार पुन्हा तारेकडे वळले. १९१० च्या सुमारास गुडइयर कंपनी आपल्या जाहिरातींत अभिमानाने सांगत होती की, तिच्या टायरच्या कडेत १२६ पियानो-तारांची वेणी घातलेली आहे. पियानोची तार? टायरमध्ये? होय. या एका शब्दापाशी आपली कथा मिरजेच्या अगदी जवळ येते.

१३.
पियानोला हवी असते ती अत्यंत ताण सोसणारी आणि ताणाखाली लांब न होणारी तार. बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल याने १८५४ साली पोलादी तार विशिष्ट रीतीने तापवून व निववून तिची ताकद कमालीची वाढवण्याची पद्धत शोधली. या तारेने पियानोचा आवाज भारदस्त केला. पुढे १८६६ च्या अटलांटिकपार तारायंत्राच्या केबलला तिचेच चिलखत चढले. टायरच्या शोधकांना अशी तार नव्याने घडवावी लागली नाही. संगीताने ती आधीच घडवून ठेवली होती.

१४.
मिरजेतही त्याच शतकात धातूचे जाणकार संगीताकडे वळत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने येथील शिकलगारांनी, म्हणजे हत्यारे घडवणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्ये बनवण्यास आरंभ केला. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या मुळाशी घेतले जाते. तलवारींचे दिवस मावळले, हातातले कसब उरले आणि ते सतार-तंबोऱ्यात उतरले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

१५.
सतारीची बाजाची तार आणि टायरच्या कडेतली तार या एकाच घराण्यातल्या. दोन्ही अधिक कार्बनच्या पोलादाच्या, दोन्ही थंड अवस्थेत साच्यातून ओढून बारीक केलेल्या. ओढताना पोलादाची आतली रचना लांबट व दाट होते; म्हणूनच बारीक तार जाड सळईहून, जाडीच्या मानाने, कितीतरी बळकट ठरते. बाजाची तार साधारण ०.३० मिलिमीटर जाडीची असते आणि स्वरात लावल्यावर सुमारे ६ किलोंचा ताण सोसते. हा ताण ढळला की सूर ढळतो. जर्मन बनावटीच्या पोलादी तारेला सतारवादकांत आजही मान आहे तो या स्थैर्यामुळे.

१६.
टायरची तार याहून जाड, साधारण १ मिलिमीटरच्या आसपास. अशी एक तार सुमारे १४० किलो वजन तोलू शकते. आता ट्रकचा हिशेब ढोबळमानाने मांडू. २० इंची रिम, हवेचा दाब सुमारे ८ बार. अशा टायरच्या प्रत्येक कडेवर येणारा ताण जवळजवळ साडेतीन टन भरतो, आणि तोही गाडी उभी असताना. खड्डे, वळणे, ब्रेक यांचा हिशेब वेगळा. म्हणून एका तारेवर न विसंबता अनेक पदरांचा जुडगा करतात आणि गरजेच्या कित्येक पट बळ शिल्लक ठेवतात.

१७.
या जुडग्याची गंमत पाहा. सतारीच्या तारेला खुंटी हवी व लंगोट हवा, म्हणजे दोन्ही टोके पक्की हवीत. टायरच्या तारेची टोके मात्र बहुधा कशालाच बांधलेली नसतात. रबराचा लेप दिलेली तार पदरावर पदर गुंडाळतात, टोके नुसती एकमेकांवर ठेवतात आणि भट्टीत रबर पक्के झाले की सारे पदर एकजीव होतात. रबर पोलादाला सहज चिकटत नाही; म्हणून तारेवर तांबे-कथलाचा पातळ मुलामा असतो. रबरातील गंधक तांब्याशी संयोग पावते आणि दोघांची गाठ बसते. टायरच्या कापडाचे धागे या वळ्याभोवती दुमडून परत वर नेलेले असतात. गाडीचे ओझे त्या धाग्यांतून वळ्यावर येते.

१८.
भारतात १९३६ साली डनलॉपचा कारखाना हुगळीकाठी साहागंज येथे उभा राहिला. पुढे मुंबईत शिवडीला फायरस्टोन व १९५८ नंतर भांडुपला सिएट आले. आज कडेची तार देशातच तयार होते; इंदूरजवळील पीथमपूर हे तिचे एक मोठे केंद्र आहे. पण सांगली-साताऱ्याच्या ग्रामीण जीवनात टायर शिरला तो मोटारीइतकाच बैलगाडीतूनही.

१९.
लोखंडी धाव रस्ता कापते व मातीत रुतते. रबरी टायरची गाडी रस्त्यावर हलकी चालते. त्याच बैलजोडीला अधिक ओझे ओढता येते. सांगलीत वसंतदादा पाटलांनी उभारलेला कारखाना असो वा कृष्णाकाठचे इतर साखर कारखाने, हंगामात बीड जिल्ह्यातून व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि त्यांतील अनेकांचे बिऱ्हाड टायरगाडीच्या आधाराने चालते. दीड-दोन टन ऊस लादलेली ती गाडी दोन टायरांवर, म्हणजे चार वळ्यांवर, उभी असते.

२०.
अशा गाड्यांना पुष्कळदा ट्रक-बसचे जुने टायर घातलेले दिसतात. त्यांची पाठ गुळगुळीत झालेली असते, वेगाच्या रस्त्याला ते निरुपयोगी. पण कडेची तार शाबूत असेल तर बैलाच्या चालीने ते अजून काही हंगाम काढतात. रिट्रेडिंग करणारा कारागीरही आधी कडच तपासतो. पाठीवर नवे रबर चढवता येते. तार तुटलेली, गंजलेली किंवा वाकलेली असेल तर त्या टायरला दुसरा जन्म नाही.

२१.
येथे एक सावधगिरीची गोष्ट. टायर बसवताना कड जागेवर चढत नसेल, तर ‘अजून थोडी हवा मारू’ हा मोह जीवघेणा ठरतो. रिमचा व टायरचा व्यास जुळत नसेल किंवा कड अडकली असेल, तर वाढत्या दाबाने तार तुटते आणि टायर स्फोटासारखा उसळतो. या रीतीने जगभर अनेक कामगारांनी हात आणि प्राण गमावले आहेत. मोटारीच्या टायरची कड बसवताना ४० पौंडांच्या वर जाऊ नये. कड बसत नसेल तर हवा सोडून, कडेला वंगण लावून पुन्हा प्रयत्न करावा. ट्रकचा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, दूर उभे राहून भरावा.

२२.
टायरच्या इतिहासात नाव राहिले ते डनलॉपचे. वेल्चचे नाव टायरच्या दुकानातही कोणाला ठाऊक नसते आणि त्याने घातलेली तार तर टायर फाटल्याशिवाय दिसतही नाही. पण ओझे उचलण्याचे बळ हवेला येते ते तिला आवरून धरणाऱ्या या तारेमुळे. तार ताणत नाही म्हणून हवा कोंडून राहते, हवा कोंडून राहते म्हणून ट्रक रस्त्यावर आणि उसाची गाडी कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत पोचते. पुढच्या वेळी टायर बदलताना नक्षीइतकीच त्याची कडही पाहून घ्या.

लेखनसीमा.