गावचे कुत्रे आणि घरचे कुत्रे

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तारखा आणि तहांची कलमे यांनी आमच्या इतिहासाची पाने भरलेली आहेत. हत्ती आणि घोडे यांनाही त्यांत जागा मिळाली, कारण त्यांच्यावाचून राज्य चालत नसे. परंतु जो प्राणी या सर्वांच्या आधीपासून मनुष्याच्या उंबरठ्याशी बसून आहे, त्या कुत्र्याचा इतिहास सांगण्याची गरज आम्हांस क्वचितच वाटली. विषय क्षुद्र आहे असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. आज महाराष्ट्रातील शेजाऱ्याशेजाऱ्यांत, नगरपालिकांच्या सभांत आणि थेट सर्वोच्च न्यायालयात ज्या प्रश्नावरून कडाक्याचे वाद होतात, त्याचे मूळ या उपेक्षित इतिहासातच सापडते.

नागपूरच्या दक्षिणेस बेसा म्हणून गाव आहे. शहर वाढत वाढत या गावापर्यंत येऊन पोचले. आज त्याचा कारभार बेसा-पिपळा नगर पंचायत पाहते आणि शेतांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा ठिकाणी माणसांचे पत्ते बदलतात, धंदे बदलतात. कुत्री मात्र होती तेथेच असतात. फरक पडतो तो नावात. काल ज्यास लोक 'गावचे कुत्रे' म्हणत, त्यास आज 'भटके कुत्रे' म्हणतात. वास्तविक ते कोठे भटकत आलेले नसते; त्याच्या पायाखालून गावच निघून गेलेले असते! त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यावर ज्याची वंशावळ कागदावर लिहिलेली आहे असे विलायती जातीचे कुत्रेही नांदत असते. खालच्या कुत्र्यास कोणी भाकरी घालतो, कोणी काठी दाखवितो, आणि तिसरा म्हणतो, 'एवढी दया येते, तर घरी का नेत नाही?' हे कुत्रे कोणाचे, हाच या तंट्यातील खरा प्रश्न होय. आणि तो फार जुना आहे.

आमच्या जुन्या ग्रामव्यवस्थेत कुत्रे एका घराचे नसे, आळीचे असे. रात्री परक्याची चाहूल लागताच भुंकणे हे त्याचे काम, आणि दारोदारचा उष्टा तुकडा हा त्याचा मोबदला. या तुकड्यास धर्माचाही आधार होता. गृहस्थाने वैश्वदेवानंतर कुत्रे, कावळे, कृमी यांच्यासाठी अन्न भूमीवर ठेवावे, असे मनुस्मृती सांगते. खंडोबाच्या पायाशी कुत्रे आहे. त्याचे वाघ्ये कोटंब्यात वाढलेले अन्न कुत्र्यासारखे खाण्यात धन्यता मानतात. दत्तात्रेयाभोवतीची चार कुत्री म्हणजे चार वेद, अशी भाविकांची समजूत आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा महाराष्ट्रातील मुलांना तोंडपाठ असते. कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारणारा युधिष्ठिर तर सर्वांस ठाऊकच आहे.

इतका मान, परंतु भाषेत पाहावे तो निराळाच प्रकार! 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच', 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते', 'कुत्रे हाल खाणार नाही' असे वाक्प्रचार आम्ही रोज सहज उच्चारतो. हा विरोध केवळ वरवरचा आहे. भाकरी द्यावी, पण उंबरठ्याच्या आत घेऊ नये. पुण्य लागावे, पण जबाबदारी लागू नये, असा हा व्यवहार होता. ते आजारी पडले तर औषध कोणी द्यावे, ते कोणास चावले तर उत्तर कोणी द्यावे, या प्रश्नांचा विचार त्यात नव्हता. लहान खेड्यात हे चालून गेले.

याच्या शेजारीच पाळीव कुत्र्याचा दुसरा इतिहास चालत आला आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली काशाच्या काही वस्तू सापडल्या. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी त्या ताम्रपाषाणयुगातील मानल्या जातात. त्यांतील एका रथाला बैलांची जोडी जुंपलेली आहे, मागे हाकणारा पुरुष उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रे उभे आहे. दक्षिणेतील मनुष्य आणि कुत्रे यांच्या सोबतीची इतकी जुनी आणि इतकी बोलकी साक्ष दुसरी आमच्या पाहण्यात नाही. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण घातले. म्हणजे कुत्र्यास शिकविणे ही त्या काळी एक विद्याच होती. तिचे खरे जाणकार मात्र राजवाड्यात नव्हते. पारधी, धनगर, बंजारा यांच्या तळांवर ती बापाकडून मुलाकडे जात असे.

सातारचे छत्रपती शाहू महाराज यांचे श्वानप्रेम प्रसिद्धच आहे. शिकारीत वाघापासून प्राण वाचविणाऱ्या आपल्या कुत्र्यास त्यांनी जहागीर आणि पालखीचा मान दिल्याचे ग्रँट डफने आपल्या इतिहासात लिहिले आहे. संगम माहुलीस महाराजांच्या समाधीपाशी 'खंड्या' कुत्र्याचे स्मारक आजही दाखवितात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तेथील शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. त्या जातीचे चित्र भारतीय टपालखात्याने २००५ साली तिकिटावर छापले. रायगडावरील 'वाघ्या'चे स्मारक तुकोजीराव होळकर यांच्या देणगीतून १९३६ साली उभे राहिले. त्या कथेस समकालीन पुरावा नाही असा इतिहाससंशोधकांचा आक्षेप आहे, आणि त्यावरून २०२५ सालीही वाद पेटला. पुरावा नसताही ती कथा लोकांस इतकी प्रिय का झाली, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या समाजाने गावच्या कुत्र्यास उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यालाच धन्यासाठी चितेत उडी घेणारे कुत्रे हवेसे वाटले!

पाळणाराची जबाबदारी काय, याचेही उत्तर आमच्या शास्त्रकारांनी देऊन ठेवले आहे. दाताच्या किंवा शिंगाच्या जनावराने एखाद्यास पकडले असता, सोडविण्यास समर्थ असूनही जो धनी सोडवीत नाही, त्यास याज्ञवल्क्याने 'प्रथमसाहस' दंड सांगितला आहे. आणि पीडिताने आरोळी ठोकूनही धनी हलला नाही, तर तो दंड दुप्पट! याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' टीका याच सोमेश्वराच्या पित्याच्या दरबारी, कल्याणीस लिहिली गेली. सारांश, एकाच राजघराण्याच्या आश्रयाने कुत्र्याचा विनोदही लिहिला गेला आणि धन्याचा दंडही. पण हा नियम धनी असलेल्या जनावराचा. ज्यास धनीच नाही, त्याचे काय?

हा प्रश्न प्रथम उग्र रूपाने उठला तो मुंबईत. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारच्या अमदानीत तेथे चालू होता. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. १८३२ साली मारण्याची मुदत वाढविण्यात आली. बक्षिसाच्या लोभाने माणसे पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्यास पवित्र स्थान आहे. प्रेतावर त्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' हा त्यांचा संस्कार आहे. ६ जून रोजी पारशी समाजाचा उद्रेक झाला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडले, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांस मिळाले, आणि किल्ल्यातील गोऱ्यांची रसद अडली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरास पांजरापोळ निघाला. मुंबईने एक गोष्ट त्या वेळी ओळखली: ज्याला मारू नये असे आपण म्हणतो, त्याला ठेवण्याची जागाही आपणच दिली पाहिजे.

मारणाऱ्यांची बाजू तरी निव्वळ क्रूरपणाची होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर तेव्हा जगात कोठेच उपाय नव्हता. पाण्याची भीती वाटू लागली की रोगी गेलाच. पाश्चरने १८८५ साली पॅरिसमध्ये एका मुलास आपली लस टोचली, आणि १९०० साली कसौलीस पाश्चर संस्था निघाली. तेथेच सेंपल या डॉक्टरने तयार केलेली लस पुढे सर्व देशभर वापरात आली. पोटात घेतल्या जाणाऱ्या चौदा सुया म्हणून जिची धास्ती आमच्या घराघरांत होती, ती हीच. २००५ च्या सुमारास ती बंद होऊन दंडावर घ्यावयाच्या नव्या लसी आल्या. उपाय आज सोपा आहे: जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. तथापि रोग एकदा प्रकट झाला की तो आजही जवळजवळ निश्चितपणे प्राण घेतो. यास्तव ज्या आईचे मूल आळीतील कुत्र्यांच्या टोळक्यातून शाळेत जाते, तिच्या भीतीस निर्दयपणा म्हणणे हा दयेचा अपमान आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पाळलेले जनावर उपासमारीवर टाकून देणे हा त्याने अपराध ठरविला. पण पहिल्या अपराधास दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! २००१ च्या नियमांनी रस्त्यावरील कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी सोडावे, असे ठरविले. यानंतर नागपूरचे नाव देशभर झाले. २० ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा आदेश दिला की, सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांस कोणी अन्न घालू नये. ज्यास घालावयाचे असेल त्याने ते कुत्रे रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. २०२३ च्या नियमांनी या कुत्र्यांस 'सामुदायिक प्राणी' असे नाव दिले आणि अन्न घालण्याच्या जागा ठरविण्याचे काम रहिवाशांच्या संस्थांवर सोपविले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील कुत्री निवाऱ्यांत कोंडण्याचा आदेश निघाला व अकरा दिवसांत सौम्य झाला. ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांतील कुत्री काढून पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

या उलटसुलट आदेशांत वाचकांस गोंधळ दिसेल. आम्हांस त्यात दोन जुन्या इतिहासांची झुंज दिसते. 'सामुदायिक प्राणी' म्हणजे नव्या नावाने गावचेच कुत्रे. 'दत्तक घ्या' म्हणजे याज्ञवल्क्याचा धनी. पहिल्या पक्षापाशी भाकरी आहे, उत्तरदायित्व नाही. दुसऱ्यापाशी उत्तरदायित्व आहे. परंतु सर्वच कुत्र्यांस पुरतील इतकी घरे त्याला कोठून मिळणार?

दत्तक ही गोष्ट सोपीही नाही. नवरा-बायको दोघे नोकरीस जातात आणि पिल्लू दिवसभर बंद घरात रडते. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू पुढे चावरे निघण्याचा संभव असतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यास गळपट्टा, जिना, उद्वाहनाचा पाळणा ही सर्व संकटेच वाटतात. त्याचा विश्वास बसण्यास आठवडे, कधी महिने लागतात. मारझोडीने ते शिकत नाही, केवळ भिते. आणि भ्यालेले कुत्रेच अधिक चावते. ठरलेल्या वेळी बाहेर नेणे, चांगले वागताच शाबासकी व खाऊ देणे, आणि घरातील सर्वांनी एकच शब्द वापरणे, एवढ्यावर बहुतेक शिक्षण होते. वर्षाची लस, नसबंदी आणि नोंदणी यांचा खर्च आधी मोजावा. बर्फाळ देशांतील केसाळ जाती नागपूरच्या वैशाखात आणणे हा निव्वळ दिमाख होय. तेथील ऊन सोसण्यास त्या मातीतलेच कुत्रे अधिक लायक. आणि ज्यास हे सर्व झेपणार नाही, त्याने पाळू नये. आणून वर्षभराने टाकून देणारापेक्षा न आणणारा शतपटीने बरा.

मात्र ज्याने घरी आणले नाही, त्याचेही कर्तव्य संपले असे नव्हे. गाव मोडले म्हणून गावकी मोडू देऊ नये. ज्या इमारतींच्या रहिवाशांनी आपल्या दारची कुत्री मोजली, त्यांची नसबंदी व लस वेळेवर करवून घेतली, अन्नाची जागा मुलांच्या वाटेपासून दूर ठेवली आणि चावरे कुत्रे वेळीच कळविले, त्यांनी बेशासारख्या नव्या वस्तीतही गावाचा धर्म पाळला असे आम्ही म्हणू. पूर्वजांनी आम्हांस तुकडा टाकण्याची सवय दिली, ती चांगलीच होती. तुकडा टाकल्यावर मागे वळून पाहण्याची सवय आपल्यालाच लावून घ्यावयाची आहे.