क्वीन स्क्वेअर : मानेपासून बोटांपर्यंतचा माग

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात क्वीन स्क्वेअर नावाचा एक चौक आहे. मधोमध बाग, भोवती जुन्यानव्या इमारती. मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांना जगभर हे नाव ठाऊक असतं ते इथल्या नॅशनल हॉस्पिटलमुळे. मान दुखते, दंडातून कळ जाते, बोटांना मुंग्या येतात अशी तक्रार घेऊन आपण डॉक्टरांकडे गेलो की ते कोपरावर हातोडी मारतात, मान एका बाजूला कलती करून बघतात, ‘हात वर धरा, मी खाली दाबतो’ म्हणतात. यातल्या कित्येक चाचण्या दुसरीकडे जन्मल्या. पण रुग्णाच्या अंगावरून नस नेमकी कुठे दबली आहे हे शोधायची शिस्त ज्या घरांत मुरली, त्यांत या हॉस्पिटलचं नाव फार वरचं.

सुरुवात डॉक्टरांनी केली नव्हती. जोहाना आणि लुईसा चँडलर या बहिणी आणि त्यांचा भाऊ एडवर्ड यांचे आईवडील लवकर गेले. आजीने त्यांना वाढवलं. पुढे त्या आजीलाच पक्षाघात झाला. तिची सेवा करताना बहिणींच्या लक्षात आलं की अशा रुग्णांना कुठलंही हॉस्पिटल फार दिवस ठेवून घेत नाही. मग त्यांनी शिंपल्यांच्या आणि मण्यांच्या शोभेच्या वस्तू करून विकल्या आणि पैसा उभा करायला घेतला. लंडनचे तेव्हाचे लॉर्ड मेयर डेव्हिड वायर यांना स्वतःलाच पक्षाघाताचा अनुभव होता. त्यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १८५९ मध्ये मॅन्शन हाउसमध्ये सभा भरली आणि १८६० साली क्वीन स्क्वेअरमधल्या एका घरात आठ खाटांचं हॉस्पिटल सुरू झालं. पक्षाघात आणि अपस्मार झालेल्यांसाठीचं राष्ट्रीय रुग्णालय, असं त्याचं लांबलचक नाव होतं.

पहिल्या काही वर्षांतच इथे ब्राउन-सेकार्ड आले, १८६२ मध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन आले, पुढे विल्यम गॉवर्स आले. गॉवर्स यांना लघुलेखनाचं अतोनात वेड होतं. रुग्ण काय सांगतो, कळ कुठून निघून कुठे थांबते, कातडीचा कोणता पट्टा बधिर आहे, हे ते तिथल्या तिथे टिपून घेत आणि इतर डॉक्टरांनीही लघुलेखन शिकावं म्हणून आग्रह धरत. अशा असंख्य टिपणांतून त्यांचा मज्जासंस्थेच्या विकारांवरचा दोन खंडांचा ग्रंथ उभा राहिला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मानदुखीच्या तपासणीत आजही निम्मं निदान रुग्णाच्या सांगण्यातूनच होतं, आणि तेच ऐकायला वेळ नसतो.

या टिपणांची खरी परीक्षा १८८७ मध्ये झाली. कॅप्टन गिल्बी नावाच्या गृहस्थांना डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली भयंकर वेदना होत. बरेच उपचार झाले, मग हळूहळू पाय लुळे पडले. गॉवर्स यांनी तपासून सांगितलं की मज्जारज्जूवर बाहेरून दाब आहे. आणि दाब कोणत्या पातळीवर असावा हे वेदनेच्या जागेवरून आणि बधिरपणा कुठे सुरू होतो यावरून ठरवलं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. ९ जून रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी पाठ उघडली. गाठ दिसेना. ते आणखी वर गेले, तरी दिसेना. मदतीला असलेल्या चार्ल्स बॅलन्स यांनी अजून थोडं वर बघायचा आग्रह धरला, आणि तिथे गाठ सापडली. गिल्बी पुन्हा चालायला लागले आणि पुढे वीस वर्षं जगले. वेदना आणि बधिरपणा अंगावर जिथे उमटतात, त्याच्याहून दाब बराच वर असू शकतो, हे त्या दिवशी या घराने पक्कं शिकून घेतलं. दंड दुखतो म्हणून दंडच बघत बसायचं नाही, मानेपर्यंत माग काढायचा, हे त्याच धड्याचं दुसरं रूप.

याच काळात हातोडी आली. गुडघ्याखालच्या शिरेवर ठोकल्यावर पाय उडतो, हे १८७५ मध्ये जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल यांनी प्रसिद्ध केलं होतं. ठोकायचं कशाने, यावर मात्र पुढे कित्येक वर्षं ज्याची त्याची तऱ्हा होती. नॅशनल हॉस्पिटलमधल्या विंटल नावाच्या परिचारिकेने पितळेचं चाक घेतलं, त्याच्या कडेला रबर बसवलं आणि त्याला बांबूची लांब छडी लावली. अशा हातोड्या करून त्या तरुण डॉक्टरांना विकत. क्वीन स्क्वेअर हातोडी म्हणून ती आज मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय साहित्याच्या दुकानांतही मिळते. तिची खुबी अशी की जोर लावावा लागत नाही. छडी सैल धरायची आणि चाक आपल्या वजनाने पडू द्यायचं. प्रत्येक ठोका सारखा पडतो, म्हणून उजव्या आणि डाव्या हाताची तुलना करता येते. मानेच्या तपासणीत या तुलनेशिवाय काही कळत नाही. एका हाताच्या कोपरामागचा झटका मंद आणि दुसऱ्याचा जोरदार असेल, तर मानेतली सातवी नस संशयित ठरते.

मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर ठोका पडला तर एरवी कोपर दुमडतं. काही रुग्णांत कोपर हलत नाही, उलट बोटंच आत वळतात. बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये १९१० साली हे टिपलं. मानेच्या पाचव्या-सहाव्या पातळीवर नसेबरोबर मज्जारज्जूही दाबला जातो आहे, अशी ती खूण. हॉफमनच्या चाचणीत मधल्या बोटाचं नख टिचकीसारखं सोडतात आणि अंगठा आत वळतो का ते पाहतात, तेही याच धोक्यासाठी. खुद्द रुग्णाला यातलं काही जाणवत नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, जिन्यावर पाय अडखळतो, एवढंच तो सांगतो, आणि तेही विचारलं तर.

दुसऱ्या महायुद्धात गोळ्या लागून नसा तुटलेले सैनिक हजारोंनी आले. प्रत्येक डॉक्टर ताकद आपापल्या शब्दांत लिहू लागला तर रुग्ण सुधारतो आहे की नाही हे कळणार कसं? इथल्याच जॉर्ज रिडॉक यांच्या समितीने १९४३ मध्ये एक पुस्तिका काढली. तिच्यात शून्य ते पाच अशी मोजणी होती : शून्य म्हणजे स्नायू हलतच नाही, तीन म्हणजे अवयव स्वतःचं वजन पेलून उचलता येतो, पाच म्हणजे पूर्ण ताकद. पुढे १९८६ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकाच्या विश्वस्तांनी तिची नवी आवृत्ती काढली. आपल्या केसपेपरवर ‘चार/पाच’ असं लिहिलेलं दिसतं ते याच मोजणीतलं.

या वाटचालीत एक मोठी चूकही झाली, आणि ती लपवून ठेवण्यासारखी नाही. मध्यमवयीन बायकांचे हात रात्री बधिर होतात, झोपमोड होते, हात झटकावे लागतात, ही तक्रार जुनी. फ्रान्सिस वॉल्श हे क्वीन स्क्वेअरमधलं तेव्हाचं मोठं नाव. १९४५ मध्ये त्यांनी याचं कारण खांदा ओघळून मानेच्या बुडाशी नसा दबतात असं मांडलं. अधिकारवाणीने मांडलेलं मत म्हणून ते मानलंही गेलं. दोनच वर्षांनी रसेल ब्रेन, राइट आणि मार्शिया विल्किन्सन यांनी सहा रुग्णांची मनगटं उघडून दाखवून दिलं की नस दबते ती तळहाताच्या मुळाशी, मनगटाच्या बोगद्यात. मान निर्दोष होती. क्वीन स्क्वेअरचेच तरुण डॉक्टर रॉजर गिलियट यांनी मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवायचा आणि मुंग्या किती लवकर येतात ते पाहायचं, अशी चाचणी १९५३ मध्ये दिली. पुढे १९५८ मध्ये सिअर्स यांच्याबरोबर त्यांनी बोटांतल्या संवेदनेचे विद्युत संकेत कातडीवरून मोजायची रीत पक्की केली.

या रीतीने मान की मनगट हा तंटा मिटायला मोठी मदत झाली. संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या पेशी मणक्याच्या बाजूच्या छिद्राशी एका गाठीत असतात. मानेत नस दबते ती बहुधा या गाठीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे बोट बधिर असूनही पेशी आणि तिचा बोटापर्यंतचा धागा शाबूत राहतो, आणि संकेत अगदी व्यवस्थित येतो. मनगटात नस दबली असेल तर मात्र तोच संकेत मंदावतो. अंगठा दोन्ही आजारांत बधिर होतो. फरक तो धागा सांगतो.

रसेल ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन यांनी १९५२ मध्ये मानेच्या मणक्यांच्या झिजेवर एक दीर्घ लेख लिहिला. मणक्यांमधली गादी अचानक सरकणं आणि वर्षानुवर्षं हाडं वाढून जागा अरुंद होणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. घराघरांत पोचलेल्या ‘स्पॉन्डिलायसिस’मागचं वैद्यकीय ज्ञान बरंचसं त्या लेखातून आलेलं आहे.

समुद्रापलीकडे अमेरिकेत स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी १९४४ मध्ये आज सर्रास केली जाणारी चाचणी सांगितली होती. रुग्णाला बसवून मान थोडी मागे आणि दुखऱ्या बाजूला कलती करायची, मग डोक्यावरून हलका दाब द्यायचा. कळ दंडातून खाली गेली तरच चाचणी होकारार्थी. नुसती मान दुखली तर नाही. कित्येक जण हा भेद विसरतात. ही चाचणी होकारार्थी आली तर बहुधा खरी असते, पण नकारार्थी आली म्हणून नस मोकळी आहे असं मानता येत नाही. म्हणूनच वेनर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ८२ जणांवर चार चाचण्या एकत्र करून पाहिल्या : स्पर्लिंगची, हात पसरून नस ताणायची, डोकं हलकेच वर ओढून आराम पडतो का बघायची, आणि दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपर्यंत वळते का ते मोजायची. तीन जुळल्या तर नस दबल्याची शक्यता ६५ टक्के, चारही जुळल्या तर ९० टक्के निघाली. हे पडताळलं कशावर? गिलियट यांच्या पिढीने रुळवलेल्या विद्युत तपासणीवरच.

संस्थेचा पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. १९४८ मध्ये मेडा व्हेलचं हॉस्पिटल तिच्यात मिळालं, १९५० मध्ये शेजारी मज्जाविज्ञानाची शिक्षणसंस्था उभी राहिली, १९९६-९७ मध्ये दोन्ही युनिव्हर्सिटी कॉलेजच्या छत्राखाली गेल्या. एमआरआय आला आणि मणक्याचा कोपरान् कोपरा दिसू लागला. त्याने किती जीव वाचले याला गणती नाही. पण जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचा एमआरआय काढला, तेव्हा त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. तो अहवाल २०१५ चा. एमआरआयचा कागद हातात धरून घाबरलेला माणूस आपल्या गल्लीत रोज भेटतो. त्याच्या हाताला कुणी हातोडी लावली आहे का, हे मी पहिल्यांदा विचारते.

या परंपरेची एक शाखा मुंबईत पोचली. सुरतेत जन्मलेले नोशीर वाडिया इंग्लंडमध्ये रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकले आणि १९५७ मध्ये परतून जे. जे. रुग्णालयात काम करू लागले. तिथे त्यांना असे रुग्ण भेटू लागले, ज्यांच्या मानेचा पहिला आणि दुसरा मणका जन्मतःच एकमेकांवर घट्ट बसलेले नव्हते. मान आखूड, केसांची रेषा खाली आलेली, आणि किरकोळ धक्क्यानंतर हातापायांत येणारा कमजोरपणा. अशा २८ रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९६७ मध्ये ‘ब्रेन’मध्ये प्रसिद्ध केला. भारतात हा दोष दुर्मीळ नाही. त्यामुळे आखूड मानेचा रुग्ण समोर आला, किंवा चाल बिघडलेली दिसली, हॉफमनची चाचणी होकारार्थी आली, नुकता अपघात झालेला असला, जुना आमवात असला, तर डोक्यावर दाब देऊन स्पर्लिंगची चाचणी करायची नाही. आधी मानेचा क्ष-किरण फोटो काढतात, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दुसऱ्या मणक्याचा सुळका यांच्यात प्रौढांमध्ये तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसली, तर मानेला हात लावायच्या आधी शल्यचिकित्सकाला बोलावतात.